'आम्ही' आणि 'आपण'



परभाषिक माणूस मराठी शिकू लागला म्हणजे एका साध्या सर्वनामापाशी तो हमखास अडतो. "आम्ही उद्या पंढरपूरला जाणार" आणि "आपण उद्या पंढरपूरला जाणार" या दोन वाक्यांत फरक कोणता, असे तो विचारतो. इंग्रजीत दोन्हीकडे एकच शब्द चालतो. प्रमाण हिंदीतही 'हम' म्हटले की भागते. मराठी ऐकणाऱ्याला मात्र फरक तत्काळ कळतो. 'आपण' म्हटले, तर आपल्यालाही पिशवी भरायला हवी. 'आम्ही' म्हटले, तर आपण घरीच! गुजरातीत 'अमे' आणि 'आपणे', तेलुगूत 'मेमु' आणि 'मनमु' अशी हीच सोय आहे. म्हणजे 'आपल्या बाजूचे' असे काही बोलताना समोरच्याला आत घ्यायचे की बाहेर ठेवायचे, याचा निर्णय आपली भाषा आपल्याकडून प्रत्येक वाक्यात करवून घेते. सवयीमुळे तो आपल्या ध्यानात येत नाही, इतकेच.

हा निर्णय व्याकरणापुरता राहत नाही. "आमच्यात लग्नाला असं नसतं हो," असे कोणी म्हणते. या 'आमच्यात'चा अर्थ काय? घर? गाव? बहुधा जात. पण तो शब्द उच्चारला जात नाही. "ते आपल्यापैकीच का?" हा प्रश्नही त्याच जातकुळीचा. नवा शेजारी आला की नाव विचारतात, त्याने नुसते नाव सांगितले तर "पूर्ण नाव?" म्हणून विचारतात, आडनावानेही उलगडा झाला नाही, तर "मूळचे कुठले?" हे आहेच. तीन प्रश्नांत माणूस आतला की बाहेरचा ते ठरते, आणि त्याने अजून चहाचा कपही तोंडाला लावलेला नसतो.

आता गंमत अशी, की यांतले पुष्कळ शब्द माणसाचे वर्णन करीत नाहीत. बोलणारा कोठे उभा आहे तेवढेच सांगतात. 'घाटी' हा शब्द पाहा. घाटावरून आलेला तो घाटी; शब्दाचा मूळ अर्थ निव्वळ भूगोलाचा. साताऱ्यात कोणी कोणाला घाटी म्हणत नाही. तोच माणूस पोटासाठी मुंबईला उतरला, गिरणीत किंवा गोदीत लागला, की घाटी झाला. आणि हळूहळू त्या शब्दात अडाणी, गावंढळ असा भाव भरला. माणूस तोच, पाहणारा बदलला. संस्कृतातील 'म्लेच्छ' शब्दाच्या मुळाशी अस्पष्ट बोलण्याची कल्पना आहे, आणि ग्रीक लोकही परक्यांना 'बडबडणारे' अशा अर्थाचेच नाव देत. ज्याचे बोलणे आपल्याला कळत नाही, त्याला बोलताच येत नाही, असा हा जुना न्याय!

परंतु शब्द नुसता चेष्टेचा असला तर निभावते. त्याला हक्क चिकटला म्हणजे प्रश्न गंभीर होतो. आपल्या जुन्या गावगाड्यात शेतकऱ्यांचे दोन वर्ग असत: मिरासदार आणि उपरी. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. त्याला ती विकता येई. गाव सोडून गेला तरी परत येऊन हक्क सांगता येई. उपरी बाहेरून आलेला. कराराने जमीन कसणार आणि मुदत संपली की गावाच्या मर्जीवर राहणार. तथापि ही भिंत अभेद्य नव्हती. एखादे कूळ नष्ट झाले, तर ती गतकुळी जमीन विकत घेऊन, मिरासपत्र करून उपरीही मिरासदार होऊ शके.

दुसऱ्या एका भिंतीला मात्र असे दार नव्हते. महार हा गावचा वतनदार. गावाची शीव त्याच्याइतकी कोणाला ठाऊक नसे. शिवेचा तंटा पडला की त्याची साक्ष प्रमाण मानीत. आणि तरीही त्याचे घर गावकुसाबाहेर! काल आलेला उपरी कुसाच्या आत राहू शकत होता. पिढ्यान्पिढ्यांचा रहिवासी बाहेर होता. 'बाहेरचा' या शब्दाचा अंतराशी किंवा ओळखीशी संबंध असतोच असे नाही, याचा यापेक्षा ठळक पुरावा मला ठाऊक नाही. ती वतने 1958 च्या कायद्याने संपुष्टात आली. गावाचे कूस तर कित्येक ठिकाणी केव्हाच ढासळले. पण 'कुसाबाहेरचा' हा भाव विटामातीबरोबर ढासळत नाही.

सरकारनेही असे शब्द घडविले आहेत. 1871 साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि नोंद झालेल्या जमातीत जन्मलेले मूल गुन्ह्यावाचूनच संशयित ठरले. हजेरी, परवाने, तारेच्या कुंपणातील वसाहती. अशी वसाहत आपल्या सोलापुरातही होती. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा रद्द झाला आणि 'विमुक्त' हे नवे नाव आले. कागदावरचा शब्द एका दिवसात बदलला. चोरी झाली की आधी त्यांच्याच पालांकडे वळणारी नजर एका दिवसात बदलली नाही.

मग चांगले नाव दिले म्हणजे काम होते काय? येथे 1938 साली मुंबईच्या कायदेमंडळात घडलेला प्रसंग लक्षात ठेवण्याजोगा आहे. 'हरिजन' हा शब्द एका विधेयकात घालण्यास डॉक्टर आंबेडकर आणि त्यांचे सहकारी यांनी विरोध केला, आणि तो मानला गेला नाही तेव्हा त्यांनी सभात्याग केला. शब्द गोड होता. योजणाऱ्यांचा हेतूही वाईट म्हणता येणार नाही. तक्रार अशी, की ज्यांचे नाव ठेवायचे त्यांना कोणी विचारले नव्हते. पुढे 1972 साली 'दलित पँथर' निघाली, तेव्हा नाव तरुणांनी स्वतः निवडले होते. 1980 साली लक्ष्मण माने यांनी आत्मकथनाला 'उपरा' हे नाव दिले. 1987 साली लक्ष्मण गायकवाडांनी 'उचल्या' हे. जगाने ज्या शब्दांनी हिणवले, तेच त्यांनी मुखपृष्ठावर छापले. शब्द जुनेच, पण बोलणारे बदलले, आणि ऐकणाऱ्यांना मान खाली घालावी लागली.

याचा अर्थ सगळे गटवाचक शब्द टाकून द्यावेत, असा नव्हे. माणसाला आपली माणसे लागतातच; 'आम्ही' म्हणण्यात मायाही असते. प्रश्न एवढाच, की 'आम्ही'चे 'आपण' होण्याची वाट मोकळी आहे की नाही. महाविद्यालयात शिकविताना मला एक गोष्ट दरवर्षी दिसते. जून महिन्यात खेड्यातून आलेला मुलगा "तुमच्या कॉलेजात" असे म्हणतो. कोणी त्याला डब्यात बोलावले, कोणी वही दिली, तर दिवाळीच्या सुमारास तोच "आपल्या कॉलेजात" म्हणू लागतो. काहींच्या तोंडून मात्र शेवटच्या वर्षीही 'तुमच्या'च निघते. त्यांना कोणी बाहेर जा म्हटलेले नसते. आत ये, असेही म्हटलेले नसते.

तेव्हा वाचकहो, एक छोटा प्रयोग करून पाहा. दिवसभरात आपण 'आमच्यात', 'त्यांच्यात', 'आपल्यापैकी' हे शब्द किती वेळा उच्चारतो आणि त्या वेळी समोर कोण बसलेले असते, इकडे जरा कान द्या. पाहुण्याला आदराने "आपण बसावे" म्हणताना आपण जो शब्द वापरतो, तोच स्वतःला आणि त्याला मिळूनही वापरतो. भाषेने ही सोय करून ठेवली आहे. ती कोणासाठी वापरायची, हे मात्र भाषा ठरवीत नाही.