शेड्यूल आणि आडाखा



पुण्याहून चाकणला या परिषदेसाठी निघताना ‘तासाभरात पोहोचू’ असा आपला आडाखा असेल. मोशी ओलांडताना तो थोडा हलला असेल आणि तळेगाव चौकात पार बदलला असेल. म्हणजे नवा पुरावा मिळेल तसा आडाखा बदलायचा, हा परिषदेचा विषय आपण रस्त्यातच शिकून आलात!

या पद्धतीचा पाया घालणारा थॉमस बेझ यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर, १७६३ मध्ये छापला गेला. त्याचा धागा आपल्याकडे येतो तो कोल्हापूरच्या वसंत शंकर हुजूरबाजारांमार्फत. केंब्रिजमध्ये ते हॅरॉल्ड जेफ्रीज यांचे विद्यार्थी. भलेभले संख्याशास्त्रज्ञ या पद्धतीला नाके मुरडत, तेव्हा जेफ्रीज तिची बाजू लढवत होते. पुढे पुणे विद्यापीठातला संख्याशास्त्र विभाग हुजूरबाजारांच्या हातून उभा राहिला.

मी सुट्या भागांचा लहान पुरवठादार. महिन्याच्या सुरुवातीला मोठ्या कंपनीचे मागणीचे शेड्यूल येते आणि कधी मधेच कापले जाते. मग प्रश्न एकच : मंदी आली, की नुसता गोंधळ? समजा, जुन्या वहीतल्या १०० महिन्यांपैकी २० मंदीचे. त्यांतल्या १४ महिन्यांत कपात झाली. पण उरलेल्या ८० चांगल्या महिन्यांपैकीही १६ महिन्यांत झालीच. म्हणजे ३० कपातींमागे मंदी १४ वेळा, निम्म्याहून कमी. आणि आम्ही काय करतो? पहिल्याच कपातीला कंत्राटी पोरांना घरी बसवतो.

वहीवर फार विसंबूनही चालत नाही. एप्रिल २०२० मध्ये मारुतीने देशात एकही गाडी विकली नाही. असा महिना आमच्यापैकी कुणाच्याच वहीत नव्हता. ज्या शक्यतेला आपण आधीच शून्य देऊन बसतो, तिला नंतर कितीही पुरावा मिळाला तरी बेझ यांचे गणित शून्यच ठेवते. तेव्हा चिमूटभर जागा राखलेली बरी.

प्राध्यापकांनो, आमचे एक मागणे आहे. आम्हाला एकच आकडा देऊ नका. कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती आणि ते किती खात्रीने, एवढे सांगा. आणि आमच्या डिस्पॅचवाल्यांशी बोला. वीस-वीस वर्षांचा अनुभव त्यांच्या डोक्यात आहे, फायलीत नाही. उद्योजकांनो, तुम्हीही वह्या उघडा. आज गुरुवार, यंत्रांना सुट्टी आहे.

व्यवस्थेत उणेअधिक झाले तर पोटात घाला. नोंदणी १८० जणांची आहे. जेवण मी २०० जणांचे सांगितले आहे.