जनुकांची वाटणी आणि सिकलसेल

रायपूरच्या बूढापारा वस्तीतील एका दांपत्याची कल्पना करावी. पती छत्तीसगढचा, पत्नी माहेरची गडचिरोलीची, दोघेही धडधाकट. पहिल्या मुलाचे हातपाय मात्र वारंवार असह्य दुखतात आणि तपासणीत सिकलसेल निघतो. दोष कोणाचा, ही चर्चा घरात लगेच सुरू होते आणि तो बहुधा सुनेच्या माथी मारला जातो.

हीमोग्लोबिनाच्या बीटा साखळीचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर असते. त्याची दोन रूपे येथे लक्षात घ्यावीत : नेहमीचे 'ए' आणि बदललेले 'एस'. 'एस'मुळे साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते, हे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी 1957 मध्ये दाखविले. एवढ्याशा फरकाने, प्राणवायू कमी पडताच तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. या पतिपत्नींजवळ प्रत्येकी एक 'ए' व एक 'एस' आहे. म्हणून ती स्वतः निरोगी, केवळ वाहक.

जननपेशी घडविणाऱ्या अर्धगुणसूत्री विभाजनाआधी प्रत्येक गुणसूत्राची प्रत तयार होते. मग आईकडचे व वडिलांकडचे अकरावे गुणसूत्र परस्परांस बिलगतात, काही तुकड्यांची अदलाबदल करतात आणि विलग होतात. दुसऱ्या विभाजनात प्रतीही वेगळ्या होतात. पित्याच्या अशा एका पेशीपासून चार शुक्रपेशी होतात : दोन 'ए', दोन 'एस'. मातेकडे मात्र एकच अंडपेशी टिकते. उरलेली इवलीशी ध्रुवकाये नष्ट होतात. या विभाजनाचा आरंभ तर ती स्वतः आपल्या आईच्या उदरात असतानाच झालेला असतो! सुनेला बोल लावणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानी घ्यावे.

दोन्हीकडून 'एस' येण्याचा संभव चारांत एक. एक मूल आजारी निघाले, आता पुढची तिघे सुटली, असा समज फार रूढ आहे. पण विभाजनाला मागची आठवण नसते. प्रत्येक खेपेस संभव तोच. चार मुले होऊन एकालाही हा रोग नाही, अशी वाहक दांपत्ये शेकडा सुमारे 32 असावयाची.

आजारी भावंडांचे दुखणेही सारखे नसते. अल्फा साखळीची जनुके सोळाव्या गुणसूत्रावर असून त्यांची वाटणी अकराव्याला न विचारता होते. अल्फा थॅलसीमिया ज्याच्या वाट्याला येतो, त्याचा रक्तक्षय काहीसा सौम्य राहतो.

1 जुलै 2023 रोजी शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी हा त्याचा गाभा. त्या घरी धाकट्या दिराच्या लग्नाची बोलणी चालू आहेत, असे समजू. तोही वाहक असण्याचा संभव निदान निम्मा आहे. पत्रिका पाहण्यापूर्वी त्याचे रक्त तपासले जावे, आणि तो वाहक ठरल्यास मुलीचेही.