शमुएल – पण कोणता?

(टॅम्पिनीस, सिंगापूर येथे जमलेल्या आपल्या मंडळींपुढे केलेले भाषण)



आपल्या प्रार्थनामंदिराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघत आहे, तिच्यासाठी परदेशी गेलेल्यांनीही काही बोलावे असा निरोप आला. मी विदुषी नाही. सारा जन्म परिचारिकेच्या नोकरीत गेला. धर्मग्रंथ वाचला तो रात्रपाळीत वेळ मिळेल तसा आणि निवृत्त झाल्यावर थोडा अधिक. तेव्हा चुकले माकले तर सांभाळून घ्या.

विषय मला माझ्या नातीने दिला. शाळेत तिला वंशवृक्ष काढायला सांगितला होता. "आजी, तुझ्या आजोबांचं नाव काय?" मी म्हटले, "शमुएल." तिने विचारले, "कोणता शमुएल?" तिच्या वर्गातही एक सॅम्युएल आहे, त्यामुळे तिचा प्रश्न साधाच होता. मी कपाटातून आईचे जुने तेफिलाचे पुस्तक काढले. आईने त्याच्या पहिल्या कोऱ्या पानावर घरातले जन्म-मृत्यू लिहून ठेवले आहेत. तिथे फिकट शाईत ओळ होती: "शमुएल वारले", आणि पुढे हिब्रू महिना व तारीख. बापाचे नाव नाही, साल नाही.

मंडळी, तेव्हा माझ्या लक्षात आले की आमच्या घराण्यात शमुएल दोन होते. एक माझे आजोबा, दुसरे त्यांचे चुलत भाऊ. गाव एक, आडनाव एक. आई गेल्यापासून मी त्या तारखेला आजोबांच्या नावाने दिवा लावत आले. पण ती तारीख आजोबांची की त्यांच्या भावाची? दिमोनाला मावशीला फोन केला. ती म्हणाली, "अगं, तुझ्या आईलाच ठाऊक होतं. तू तिला कधी विचारलं नाहीस?" नाही विचारले. आई माझ्याजवळ होती, तेव्हा मला वेळ नव्हता.

मग मी ग्रंथात शमुएल शोधू लागले. आपण सारे एकाच शमुएलला ओळखतो, तो संदेष्टा, हन्नाचा मुलगा. पण धर्मग्रंथात या नावाचे तिघे आहेत.

पहिला शमुएल अम्मीहूदचा मुलगा, शिमोनच्या वंशातला. कनान देशाची वाटणी करायला एलाजार कोहेन आणि यहोशुआ यांच्या जोडीला दहा वंशांचे दहा सरदार नेमले गेले, त्यांची नावे गणनेच्या पुस्तकात 34व्या अध्यायात आहेत. त्यांत हा एक. दुसरा शमुएल इस्साखारचा नातू, तोलाचा मुलगा. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात 7व्या अध्यायात त्याचे नाव सहा भावांत येते. त्या घराण्याचे शूर पुरुष दावीद राजाच्या काळात 22,600 होते, असे तिथे लिहिले आहे. या दोघांच्या वाट्याला एकेक ओळ आली, तिसऱ्याच्या नावाने दोन पुस्तके झाली. हिब्रूत तिघांची अक्षरे एकच. 1611 सालच्या इंग्रजी भाषांतरात मात्र पहिल्या दोघांना 'शेमुएल' आणि संदेष्ट्याला बहुतेक ठिकाणी 'सॅम्युएल' छापले आहे, त्यामुळे इंग्रजी वाचणाऱ्याला हे एकच नाव आहे हे कळतसुद्धा नाही.

मूळ ग्रंथ त्यांना वेगळे कसे ओळखतो? बापाच्या नावाने आणि गावाच्या नावाने. संदेष्ट्याची कथा उघडते तीच मुळी त्याच्या जन्माआधी. एफ्राइमच्या डोंगराळ मुलखातले रामाथाईम गाव, तिथला एलकाना, तो यरोहामचा मुलगा, तो एलिहूचा, तो तोहूचा, तो सूफचा. बाळ जन्मायच्या आधीच गाव सांगून झाले आणि बापापासून पाच पिढ्या सांगून झाल्या! आपल्या कोकणात असता तर लोक त्याला शमुएल एलकाना रामेकर म्हणाले असते.

हसू नका, आपल्या पूर्वजांनी हेच केले. दिवे गावचे ते दिवेकर, पेणचे पेणकर, किहीमचे किहीमकर, चौलचे चेउलकर. मूळ नाव हिब्रू, पण जिभेवर ते मराठी वळणाने आले. शमुएलचे सामाजी झाले, यहेज्केलचे हसाजी, अब्राहमचे अबाजी, इसहाकचे इसाजी, एलियाहूचे एलोजी. मग बापाचे नाव, मग गाव. तीन शब्दांत माणूस पुरा ओळखू येई.

आपल्या सर्वांच्या माहितीतले सामाजी म्हणजे सामाजी हसाजी दिवेकर, शमुएल यहेज्केल दिवेकर. कंपनी सरकारच्या फौजेतले ते अधिकारी. टिपू सुलतानाशी झालेल्या लढाईत कैद झाले. आपण बेने इस्राएल आहोत असे सांगितल्यावर टिपूच्या आईने रदबदली करून त्यांचे प्राण वाचवले, अशी परंपरा आहे. सुटून आल्यावर नवस फेडायला त्यांनी 1796 साली मुंबईत आपली पहिली मशीद बांधली, शाआर हारहामिम, दयेचे द्वार. तिलाच आपण जुनी मशीद म्हणतो. सेफर तोरा आणायला ते कोचीनला गेले आणि 1797 साली तिथेच वारले. मांडवीतली सॅम्युएल स्ट्रीट त्यांच्याच नावाने ओळखली जाते. रस्त्यावर मात्र नुसते सॅम्युएल राहिले. हसाजीही गेले, दिवेकरही गेले.

इथे टॅम्पिनीसला राहायला आल्यावर मला एका गोष्टीचे फार बरे वाटले. दवाखान्यात बसले की मलय शेजाऱ्याला हाक मारतात ती 'अमुक बिन अमुक' अशी. ते 'बिन' म्हणजे आपले 'बेन'च. बाईला 'बिन्ती' म्हणतात. तमिळ शेजाऱ्यांच्या ओळखपत्रावर नावापुढे 'अमक्याचा मुलगा', 'अमक्याची मुलगी' अशी इंग्रजी अक्षरे असतात. चिनी माणूस तर घराण्याचे नाव आधी सांगतो, स्वतःचे नंतर. टॅम्पिनीस हे नावसुद्धा इथे पूर्वी उगवणाऱ्या टेंपिनीस झाडांवरून पडले. आता उंच उंच इमारती उभ्या आहेत, तरी गावाने आपल्या झाडांचे नाव सोडलेले नाही. आणि आपली मुले? कागदोपत्री सोय म्हणून कुणी 'कर' गाळले, कुणी आजोबांचे नाव आडनाव करून टाकले. मी त्यांना दोष देत नाही, परक्या देशात कचेरीतला कारकून तीन शब्द ऐकून घेत नाही. पण घरातल्या घरात तरी ते तीन शब्द माहीत असावेत की नको?

वॉर्डातली एक गोष्ट सांगते. मी नवशिकी होते तेव्हा मुंबईतल्या एका इस्पितळात एकाच वॉर्डात एकाच नावाचे दोघे दाखल होते. पहिले नाव तेच, आडनाव तेच. इंजेक्शनचा ट्रे घेऊन मी एकाजवळ गेले, नाव घेतले, तो "हो" म्हणाला. सुई हातात असताना सिस्टर मागून आल्या आणि त्यांनी त्याला विचारले, "वडिलांचं नाव काय?" ते दुसरेच निघाले. इंजेक्शन शेजारच्या खाटेवरच्या माणसाचे होते. माझे हातपाय गार पडले. सिस्टर रागावल्या नाहीत, एवढेच म्हणाल्या, "नुसतं नाव म्हणजे ओळख नव्हे." पुढे सारी नोकरी मी ते वाक्य विसरले नाही, आणि घरी आईच्या पुस्तकापुढे मात्र विसरले.

नक्कल करताना नाव कसे हरवते, याचा दाखला ग्रंथातच आहे. शमुएलच्या पुस्तकात त्याच्या थोरल्या मुलाचे नाव योएल आणि दुसऱ्याचे अबिया. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात 6व्या अध्यायात हिब्रूत लिहिले आहे, थोरला 'वाश्नी' आणि अबिया. 'वाश्नी'चा अर्थ 'आणि दुसरा' असा लागतो. अभ्यासक म्हणतात, उतरवून घेताना योएल हे नाव गळाले आणि 'दुसरा' हाच शब्द त्या मुलाचे नाव होऊन बसला. आपल्या मिद्राशाने त्यातूनही बोध काढला की योएल बदलला, वाईट सोडून चांगल्या मार्गाला लागला, म्हणून त्याला ते नाव मिळाले.

त्याने बदलायला हवे होते हे खरे. शमुएलने आपल्या दोन्ही मुलांना बेअर शेवाला न्यायाधीश नेमले आणि त्यांनी लाच खाल्ली, न्याय वाकवला. ज्या शमुएलने म्हातारपणी सर्व लोकांपुढे उभे राहून विचारले की मी कुणाचा बैल घेतला, कुणाची लाच घेतली, ते सांगा, त्याचीच ही मुले. म्हणजे बापाचे नाव मोठे असूनही पुरले नाही.

रशीने शमुएलच्या पहिल्या अध्यायावर एक जुने वचन दिले आहे. त्या काळी रोज आकाशवाणी होई की शमुएल नावाचा एक धार्मिक पुरुष जन्माला येणार आहे. ते ऐकून जिला मुलगा होई ती त्याचे नाव शमुएल ठेवी. मुले मोठी होत, त्यांची कृत्ये पाहून लोक म्हणत, हा तो शमुएल नव्हे. हन्नाचा मुलगा वाढला, त्याची कृत्ये दिसली, तेव्हा लोक म्हणाले, हाच तो असावा.

त्या सगळ्या आयांचा मी विचार करते. त्यांनी काही चूक केली नाही. नाव ठेवणे आईबापांच्या हाती, ते नाव खरे करणे ज्याचे त्याच्या हाती.

आणि एकदा बिघडले म्हणून कायमचे बिघडले असेही नाही. लाच खाणाऱ्या त्याच योएलला मुलगा झाला, हेमान. दावीद राजाने परमेश्वराच्या सेवेसाठी गायक नेमले, त्यांत हा अग्रभागी. ग्रंथ त्याची ओळख करून देतो ती अशी: हेमान, योएलचा मुलगा, शमुएलचा नातू. बापाचे नाव गाळले नाही, आजोबांचे विसरले नाही. आजोबांचे नाव नातवाने सावरले. आपल्यापैकी ज्यांना मुलांविषयी खंत आहे, त्यांनी हेमानची आठवण ठेवावी.

रोश हशानाला, आपले जुने लोक ज्याला नव्याचा सण म्हणत, पहिल्या दिवशी हफ्तारा वाचतात ती हन्नाचीच. तिने मूल देवाच्या सेवेला शिलोला पाठवले आणि दर वर्षी त्याच्यासाठी एक लहान अंगरखा शिवून ती नेत असे. दूर असलेल्या लेकराचे माप तिला कसे कळत असेल? दरवर्षी अंदाजाने थोडा मोठा शिवत असेल. इथे बसलेल्या आयांना आणि आज्यांना ते वेगळे सांगायला नको.

आता माझी विनंती. लोद, अशदोद, दिमोना, बेअर शेवा, लंडन, जिथे जिथे ही स्मरणिका जाईल तिथल्या वडीलधाऱ्यांनी एक वही घ्यावी. प्रत्येकाचे हिब्रू नाव, घरात हाक मारायचे नाव, बापाचे नाव, आईचे नाव आणि कोकणातले गाव लिहावे. तोरासाठी बोलावतात तेव्हा बापाचे नाव लागते, आजाऱ्यासाठी प्रार्थना करताना आईचे. गेलेल्यांची तारीख सालासकट लिहावी, कुठे पुरले तेही लिहावे. एका नावाचे दोन असतील तर नात्यासकट लिहावे. मराठीत लिहा आणि नातवंडांना वाचता येईल अशा लिपीतही लिहा. हे काम उद्यावर टाकू नका. मी टाकले होते.

नातीच्या वंशवृक्षात मी दोन्ही शमुएल लिहायला लावले, माझे आजोबा आणि त्यांचे भाऊ, दोघांच्या बापांच्या नावांसह. तेवढे मावशीने सांगितले. यंदा ती तारीख आली तेव्हा मी दोन दिवे लावले. नातीने विचारले, "दोन का?" मी म्हटले, "एक आपल्या शमुएलचा आणि एक त्याच्या भावाचा. कोणता कुणाचा ते परमेश्वर जाणतो." ती म्हणाली, "मग मी हे वहीत लिहून ठेवते." आणि तिने लिहिले.

परमेश्वर आपल्या प्रार्थनामंदिराला दीर्घायुष्य देवो आणि आपल्या लेकरांकडून आपली नावे खरी करून घेवो.

शालोम.