पैलवानाचा कान



रोमच्या एका संग्रहालयात लढून दमलेल्या, बसलेल्या मुष्टियोद्ध्याचा प्राचीन ग्रीक ब्राँझ पुतळा आहे. शिल्पकाराने त्याचे सुजून बेढब झालेले कानही हुबेहूब घडवले आहेत. इतकी जुनी ही दुखापत, आणि इतकाच जुना तिचा मान. आपल्याकडेही कान मोडलेला दिसला की माणूस मुरलेला पैलवान, असे ठरून जाते. पोराचा कान पहिल्यांदा सुजला तर तालमीत त्याचे कौतुकच होते. पण त्या कानावरून पैलवानाचा कस कळत नाही. उपचार वेळेवर झाला नाही, एवढेच कळते.

कानाच्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिला लगटून असलेल्या पातळ आवरणातूनच तिचे पोषण होते. गर्दनखेचीत कान घासला, चिरडला गेला की ते आवरण सुटते आणि मधल्या जागेत रक्त साठते. पोषण तुटलेली कूर्चा मरते आणि तिथे वेडीवाकडी, टणक गाठ धरते. पहिल्या दोन-तीन दिवसांत ते रक्त निर्जंतुकपणे काढून कान दोन्ही बाजूंनी दाबून बांधला, तर आकार बहुधा टिकतो. नुसती सुई टोचून भागत नाही, रक्त पुन्हा भरते. आणि ती सुई तालमीतच कुणी टोचली तर जंतुसंसर्ग होऊन उरलीसुरली कूर्चाही जायची.

यावर आपल्यातलेच काही डॉक्टर म्हणतील, कानाचा आकार गेला म्हणून ऐकणे थोडेच जाते? हा आक्षेप अर्धा खरा आहे. ऐकण्याचे मुख्य काम आतल्या कानाचे. पण गाठीमुळे कानाची वाट अरुंद झाली की मळ आणि पाणी अडकते, वारंवार कान वाहतो. इराणमधल्या पैलवानांच्या अभ्यासात कान मोडलेल्यांमध्ये ऐकण्याच्या तक्रारी जास्त आढळल्या. मोडलेल्या कानामुळेच बहिरेपण आले, असे त्यातून सिद्ध होत नाही, हे मान्य. ज्या आघातांनी कान मोडला त्यांनीच आतही इजा केली असेल. तसे असेल तर मोडलेला कान दिसताच श्रवणचाचणी करण्याचे कारण अधिकच बळकट होते.

दुसरा आक्षेप वस्तादांचा आहे, आणि तो मी जास्त गंभीरपणे घेतो. कानांचे संरक्षक कवच सरकते, उन्हाळ्यात नकोसे होते, आणि मोठ्या स्पर्धांत ते सक्तीचे नसताना पोरांना त्याची सवय कशाला? अमेरिकेत विद्यापीठीय कुस्तीच्या लढतींत ते अनेक वर्षे सक्तीचे होते. तिथल्या पैलवानांच्या १९८९ सालच्या पाहणीत कवच न वापरणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांच्या, तर वापरणाऱ्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्शाच्या कानात रक्त साठल्याचे दिसले. म्हणजे कवच पूर्ण राखत नाही, पण धोका निम्म्यावर आणते. फडातली कुस्ती काही मिनिटांची, सराव मात्र रोजचा आणि वर्षानुवर्षांचा. फडात कवच नको असेल तर राहू द्या, हौद्यात आणि मॅटवरच्या सरावात तरी असू द्या.

कानाला इजा करणारा दुसरा खेळ नेमबाजीचा. तिथे तर सूजही दिसत नाही, म्हणून धोका अधिक फसवा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, आणि त्यानंतर अनेक पोरांचे डोळे रेंजकडे लागले असणार. बारूदी काडतुसाच्या बाराने आतल्या कानातल्या केसपेशी मेल्या की त्या पुन्हा उगवत नाहीत. नुकसान आधी उंच स्वरांत होते; रोजचे बोलणे नीट ऐकू येत असल्याने खेळाडूला पत्ताच लागत नाही.

म्हणून कान-नाक-घसा आणि क्रीडावैद्यक क्षेत्रातल्या या परिषदेपुढे माझ्या दोनच मागण्या आहेत. कान सुजला की त्याच दिवशी लढत बंद आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर, हा नियम प्रत्येक तालमीच्या भिंतीवर लागावा. आणि तालमीत किंवा रेंजवर पाऊल टाकतानाच मुलाची पहिली श्रवणचाचणी व्हावी, पुढे दरवर्षी एकदा. कारण पाच वर्षांनी किती गेले हे सांगायचे तर आधी किती होते, ते कुठेतरी लिहिलेले लागते.