परक्या माळावरचा खेळ



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो पगार, बोनस आणि महागाई यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज आम्ही खेळावर, आणि खरे म्हणजे खेळाच्या जागेवर, बोलणार आहोत.

सातारा-सांगलीच्या खेड्यांत पूर्वी खेळाला जागा मागावी लागत नसे. सुगी संपली, खळी झाली, की रान मोकळे. त्यात गुरे चरत, पाऊलवाटा पडत, आणि पोरे हुतुतू नि विटीदांडू खेळत. सातबाऱ्यावर मालकाचे नाव असे. पण पेरणीपर्यंत ते रान गावाचेच मानले जाई. पुढे कृष्णाकाठी ऊस आला. आडसाली उसाला सोळा-अठरा महिने लागतात, म्हणजे रान मोकळे पडावयास ऋतूच उरला नाही. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजनांनी तेच पाणी दुष्काळी तालुक्यांकडे नेले. पाणी यायलाच हवे होते. त्यासाठी लोकांनी मोर्चे काढले आणि आम्हीही त्यांत चाललो. परंतु पाण्याबरोबर कुंपणही आले, एवढे नोंदविले पाहिजे. स्वीडन देशात परक्याच्या रानातून हिंडण्याचा सर्वांचा हक्क १९९४ पासून राज्यघटनेतच लिहिलेला आहे. आपल्याकडे तो रिवाज होता. आणि रिवाज मोडला तर दाद मागणार कुठे?

मध्यंतरी आमच्या युनियनमधील काही तरुणांनी जतच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या खडकाळ माळावर ‘डिस्क गोल्फ’ नावाचा खेळ मांडायचे ठरविले आणि बोलणी करावयास आम्हांला नेले. खेळ असा. लोखंडी खांबावर टोपली, तिच्यावर साखळ्या टांगलेल्या. ठरल्या जागेवरून प्लॅस्टिकची चकती फेकायची. ती जेथे पडेल तेथून पुढची फेक. साखळ्यांना अडून चकती टोपलीत पडली की पुढच्या टोपलीकडे निघायचे. ज्याच्या फेका सर्वांत कमी, तो जिंकला. १९७५ साली कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह उद्यानात एड हेड्रिक या गृहस्थाने या खेळाचे मैदान आखले. साखळ्यांच्या टोपलीचे पेटंटही पुढे त्यानेच घेतले. २००२ मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा मिसळून चकत्या केल्या गेल्या. इतकी निष्ठा आम्ही चळवळीतही क्वचित पाहिली!

आम्हांला या खेळातले आवडले ते हे की, त्याला जमीन सपाट करावी लागत नाही. साहेबी गोल्फला हिरवळ हवी आणि हिरवळीला पाणी हवे. येथे ओघळ, बाभळ, चढण याच तर खेळातल्या गमती. अमेरिकेत अशी बहुतेक मैदाने सार्वजनिक उद्यानांत आहेत. आपल्या खेड्यात उद्यान कोठले? तेव्हा माळ, आणि माळाला मालक.

मालकाने सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, “अण्णा, उद्या ही पोरं कूळ लागायची न्हाईत न्हवं?”

पोरे हसली. आम्हांला हसू आले नाही. १९४८ चा कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांनी ज्यांच्या घरात जमीन आली किंवा घरातून गेली, त्यांच्या नातवंडांनाही ही भीती आहे. आम्ही त्यांना सांगितले की, कूळ होण्यास जमीन कायदेशीरपणे कसावी लागते. चकती फेकणारा कूळ होत नाही. मग वहिवाटीचा प्रश्न निघाला. १८८२ च्या इझमेंट अ‍ॅक्टप्रमाणे वीस वर्षे हक्काने, अखंड वापर झाला तर हक्क पडू शकतो. परंतु परवानगीने केलेला वापर हक्काचा धरला जात नाही. म्हणजे कागद केल्याने मालक अडकत नाही, उलट सुरक्षित होतो. कागद म्हटला की अंगठा जाईल या भयाने आपली माणसे तोंडी बोलावर राहतात, आणि भांडण नेमके तोंडी बोलाचे होते.

याच कायद्यात आणखी एक मेख आहे. परवानगीच्या जोरावर एखाद्याने पदरच्या खर्चाने कायम स्वरूपाचे बांधकाम केले, तर ती परवानगी मालकाला सहजी मागे घेता येत नाही. म्हणून आम्ही लिहिले की, खांब सिमेंटात गाडायचे नाहीत, नळकांड्यांत उभे करून काढता येतील असे ठेवायचे. मुदत तीन वर्षे. सोडायचे तर एक महिन्याची सूचना. मेंढरे चरत असतील त्या वेळी खेळ बंद. मालक भाडे घेईनात. आम्ही ते घ्यायला लावले. पैसे देऊन खेळणारा मान वर करून खेळतो. पहिली चकती मालकांनीच फेकली. ती बांध ओलांडून शेजाऱ्याच्या तुरीत गेली आणि शेजाऱ्याशी बोलायचे राहिलेच, हे सर्वांच्या ध्यानात आले.

कागदाचा हा आग्रह आम्ही शिकलो कारखान्यात. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात अडीचशेहून अधिक कामगार असतील तेथे उपाहारगृहाची तरतूद होती. मैदानाची सक्ती मात्र मालकावर नव्हती. १९५३ च्या कामगार कल्याण निधीच्या कायद्यात खेळाचे नाव आले, पण निधीतून चेंडू मिळतो, जमीन मिळत नाही. आमच्या भागातील एका वसाहतीत कामगारांची मुले कंपनीच्या जागेवर वर्षानुवर्षे कबड्डी खेळत. संप झाला आणि पंधराव्या दिवशी फाटकाला कुलूप लागले. जागा कंपनीची होती, त्यामुळे कोर्टात सांगण्यासारखे काहीच नव्हते. संप मोठ्यांचा; पण बंद झाला मुलांचा खेळ. संध्याकाळी ती मुले कुलपाकडे पाहत रस्त्यावर बसत, आणि घरी गेली की बापाला विचारीत, संप कधी मिटणार? कुलूप लावणाऱ्याचा हिशेब तोच असावा.

तडजोडीच्या वेळी आम्ही मैदानाचे कलम घालण्याचा हट्ट धरला. आमच्यातलेच काही म्हणाले, पगाराच्या बोलण्यांत कबड्डी कशाला? अखेर बोनसच्या खाली ते कलम आले: रोज सायंकाळी दोन तास मैदान खुले राहील, वाद चालू असला तरी, आणि फाटकाची एक किल्ली युनियनच्या कचेरीत राहील. ती तेथे दाराशेजारच्या खिळ्याला टांगलेली असते. मुले साडेपाचला येऊन घेऊन जातात.