शून्य विभवाचें स्थान

श्रोतेहो, ‘शून्य’ म्हटलें कीं तेथें कांहींच नाहीं, असें आपण धरून चालतों. विजेच्या बाबतींत मात्र हा शब्द जपून वापरावा लागतो. तो कां, हें आज दोन लहानशा विद्युद्भारांच्या साहाय्यानें पाहूं.

विभव म्हणजे विजेची उंची. धोंडा टेकडीवर चढविण्यास श्रम पडतात. त्याचप्रमाणें एक एकक धनभार अतिदूर स्थानाहून एखाद्या बिंदूपाशीं आणण्यास जें कार्य करावें लागतें, तें त्या बिंदूचें विभव होय. धनभाराभोंवतीं टेकडी असते, ऋणभाराभोंवतीं खड्डा. अंतर दुप्पट झालें कीं ती उंची वा खोली निम्मी होते. विभवाला दिशा नाहीं, म्हणून निरनिराळ्या भारांचीं विभवें घरच्या जमाखर्चाप्रमाणें सरळ मिळवावीं.

आतां हातीं कागद-पेन्सिल असेल तर एक रेघ ओढा. तिच्यावर ३ एककांचा धनभार मांडा व त्याच्या उजवीकडे ८ सेंटिमीटरवर १ एककाचा ऋणभार. जमा व खर्च सारखे होण्यास धनभार ऋणभाराच्या तिप्पट दूर हवा. दोहोंच्या मध्यें असा बिंदु सांपडतो: धनभारापासून ६ व ऋणभारापासून २ सेंटिमीटर. बहुतेक विद्यार्थी येथेंच पेन्सिल खालीं ठेवतात. पण ऋणभार ओलांडून ४ सेंटिमीटर पुढें जा. तेथून धनभार १२ सेंटिमीटर, म्हणजे पुन्हां तिप्पटच! धनभाराच्या डावीकडे मात्र शोध व्यर्थ, कारण तिकडे मोठा भारच अधिक जवळ. रेघ सोडून भोंवतालच्या अवकाशांत पाहिलें, तर ‘तिप्पट अंतरा’चे सारे बिंदु मिळून ६ सेंटिमीटर व्यासाचा एक गोल होतो. कागदावर त्याचें वर्तुळ दिसतें. ग्रीक भूमितिज्ञ अपोलोनियस याच्या नांवानें तें ओळखलें जातें.

या दोन्ही बिंदूंचें विभव शून्य. पण तेथें ठेवलेला एक एकक धनभार स्वस्थ बसेल काय? मुळींच नाहीं. मधल्या बिंदूवर एक भार त्याला ढकलतो व दुसरा त्याच दिशेनें ओढतो. हिशेबानें प्रेरणा एक-तृतीयांश एकक भरते. पलीकडच्या बिंदूवर दोघांचे प्रयत्न परस्परविरुद्ध, म्हणून ती एक-चोविसांश, म्हणजे मधल्या बिंदूच्या एक-अष्टमांशच उरते. प्रेरणा खरोखर शून्य होते ती ऋणभाराच्या पलीकडे सुमारें ११ सेंटिमीटरवर, आणि नेमकें तेथें विभव शून्य नाहीं! उंची शून्य असणें निराळें, उतार शून्य असणें निराळें. समुद्रसपाटीची उंची शून्य मानली म्हणून किनाऱ्यावरचा कडा कांहीं सपाट होत नाहीं.

विल्यम टॉमसन, जे पुढें लॉर्ड केल्व्हिन झाले, त्यांनीं १८४५ सालीं अशा गोलाचा मोठा चतुर उपयोग दाखविला. आपल्या उदाहरणांतील ऋणभार काढून टाका आणि त्या गोलाच्या जागीं, जमिनीला तारेनें जोडलेला, तेवढाच धातूचा गोळा ठेवा. गोळ्याबाहेर कोठेंही विभवांत तिळमात्र फरक पडत नाहीं. काढून टाकलेला ऋणभार म्हणजे जणुं गोळ्याच्या आरशांत दिसणारें धनभाराचें प्रतिबिंब! जमिनींतून गोळ्यावर आलेला ऋणभार एकंदर १ एककच भरतो. तो पृष्ठावर सारखा मात्र पसरत नाहीं. धनभारासमोरच्या टोंकाला तो पाठीमागच्या टोंकापेक्षां आठपट दाट असतो, आणि वर काढलेल्या दोन प्रेरणांचें प्रमाणही हेंच आहे.