अंगठा उठवण्याआधी



जवळ कागद-पेन असेल तर घेऊन बसा. शेवटी तीन फोन नंबर सांगणार आहे, ते लिहून ठेवायचे आहेत.

आलापल्लीचा चौक तुम्हा सगळ्यांच्या ओळखीचा. तिथून एक वाट सिरोंच्याकडे, एक भामरागडकडे, एक एटापल्लीकडे, एक अहेरीकडे आणि एक आष्टीकडे जाते. मी सरकारी दवाखान्यात डॉक्टर होतो. नंतरची काही वर्षं आरोग्य योजनेच्या दाव्यांच्या फायली तपासल्या. त्याच दिवसांत एका दुपारी या चौकात एस.टी.ची वाट पाहत एक म्हातारबाबा आणि त्यांची बायको बसलेली दिसली. मूतखड्याचं ऑपरेशन करून शहरातून परतले होते. आजीच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यात कागदांचा गठ्ठा. मी डॉक्टर आहे कळल्यावर त्यांनी तो गठ्ठा माझ्या हातात दिला. "गोळ्या कवा घ्याच्या, थे सांगा."

गोळ्यांची चिठ्ठी शोधता शोधता दोन कागद सापडले. एक होता वहीचं पान फाडून केलेला. त्यावर "डिपॉझिट ८,०००" एवढंच लिहिलेलं. शिक्का नाही, सही नाही, रुग्णालयाचं नावही नाही. दुसरा छापील होता, त्यावर मजकूर होता, "घरी परत जाण्याचे प्रवासभाडे मिळाले." खाली निळ्या शाईचा स्पष्ट अंगठा. मी विचारलं, "बाबा, गाडीभाडं मिळालं का?" ते म्हणाले, "कुठलं भाडं? तिकीट तर आमच्याच पैशाची काढली." मग हा अंगठा? "सांगतले तिथं अंगठा मारलो, साहेब."

ते आठ हजार तेंदूपत्त्याच्या हंगामातले होते. ज्यांनी उन्हात पानं तोडली आहेत, मुडके बांधले आहेत, त्यांना या रकमेची किंमत मी सांगायला नको.

श्रोतेहो, सरकारी पैशानं चालणाऱ्या योजनेत असलेलं एखादं रुग्णालय त्या योजनेतून बाहेर कसं काढलं जातं, हा आजचा विषय. अनेकांना वाटतं, हे मुंबईतल्या साहेबांचं काम, आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो त्या निळ्या अंगठ्यापाशीच आहे.

आधी योजना समजून घेऊ. २ जुलै २०१२ रोजी राज्यात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. पहिल्या टप्प्यात आठ जिल्हे होते आणि त्यात आपला गडचिरोली होता. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळालं. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली आणि १ एप्रिल २०२० पासून राज्यात दोन्ही योजना एकत्र चालतात. जुलै २०२३ मध्ये राज्य सरकारनं ठरवलं, की पिवळी, केशरी, पांढरी, कुठलीही शिधापत्रिका असलेल्या कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळेल.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. ठरलेल्या आजारांसाठी रुग्णालयाला ठरलेली रक्कम मिळते. त्या रकमेत खाट, तपासण्या, ऑपरेशन, औषधं, जेवण, हे सगळं आलं. घरी परतण्याचं एस.टी.चं भाडंसुद्धा त्यातच आलं. म्हणून योजनेत मंजूर झालेल्या उपचारासाठी "वरचे थोडे द्या" म्हणून पैसे मागणं, हा करारभंग आहे.

करारभंग म्हणतो, कारण योजनेत येणारं प्रत्येक रुग्णालय करार करून येतं. त्याला अंगीकृत रुग्णालय म्हणतात. खाटा किती, तज्ज्ञ डॉक्टर कोण, शस्त्रक्रियागृह कसं, हे पाहून त्याला आत घेतलं जातं. बाहेर काढण्याची वाटही याच करारात लिहिलेली असते.

कोणत्या कारणांनी बाहेर काढतात? पहिलं मी सांगितलंच, रुग्णाकडून पैसे घेणं. दुसरं, जे केलंच नाही त्याचा दावा लावणं. तिसरं, छोट्या उपचाराला मोठं नाव देऊन जास्त रक्कम उचलणं. चौथं, एकाच्या कार्डावर दुसऱ्याचा उपचार. पाचवं, नुसती गोळी देऊन घरी पाठवता येईल अशा माणसाला भरती दाखवणं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे गरज नसताना चिरफाड करणं.

फायली तपासताना हे कसं लक्षात येतं, तेही सांगतो. रुग्ण खाटेवर असल्याचा फोटो आणि तपासण्यांचे कागद फायलीत लावावे लागतात. एकदा माझ्यासमोर तीन फायली होत्या. गावं वेगळी, नावं वेगळी, तारखा वेगळ्या. पण तिन्हींतला हाडाचा एक्स-रे एकच होता. हाडाच्या कडेला असलेला एक बारीक ओरखडा तिन्ही ठिकाणी त्याच जागी होता. हाड मोडलेला माणूस एक आणि दावे तीन. पुढे चौकशीला लागलेल्या माणसांनी त्या तिघांची घरं गाठली, तेव्हा त्यांतले दोघे त्या काळात गावातच धानाच्या बांधीत काम करत होते. हे सांगितलं कुणी? गावानं.

म्हणजे फाईल संशय दाखवते, पण खरं-खोटं रुग्णाच्या तोंडून ठरतं.

आता कारवाईच्या पायऱ्या. तक्रार आली किंवा दाव्यांत खोट दिसली, की रुग्णालयावर नजर ठेवली जाते. कारणे दाखवा नोटीस जाते. उत्तर पटलं नाही, तर निलंबन होतं, म्हणजे नवे रुग्ण योजनेत घेता येत नाहीत. मग सखोल चौकशी होते, रुग्णालयाची बाजू ऐकली जाते, आणि दोष पक्का झाला की अंगीकरण रद्द होतं. दावा नाकारला जातो, दंड बसतो. रुग्णाकडून घेतलेले पैसे परत करायला लावण्याची तरतूद आहे. गुन्हेगारी हेतू दिसला, तर पोलिसांत तक्रार होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये संसदेत दिलेली माहिती अशी आहे, की आयुष्मान भारत योजनेत देशभरात १,११४ रुग्णालयं बाहेर काढली गेली, ५४९ निलंबित झाली आणि १,५०४ रुग्णालयांना मिळून १२२ कोटी रुपयांचा दंड झाला.

गुजरातमधलं एक प्रकरण तुमच्यापैकी काहींनी बातम्यांत ऐकलं असेल. नोव्हेंबर २०२४ मध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या बोरिसणा गावात मोफत तपासणी शिबिर झालं. तिथून १९ जणांना अहमदाबादच्या ख्याती रुग्णालयात नेलं. त्यांतल्या सात जणांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर अँजिओप्लास्टी झाली आणि दोघे दगावले. ते रुग्णालय योजनेतून काढलं गेलं, गुन्हे दाखल झाले, अटका झाल्या. पण घरातला कर्ता माणूस गेला, तो कुठल्या कारवाईनं परत येतो?

शिबिरांना नावं ठेवू नका. आपल्या दुर्गम भागात शिबिरामुळे कित्येकांना दिसू लागलं, कित्येकांचे हर्निया, गाठी निघाल्या. एवढंच करा, शिबिरातून थेट ऑपरेशनच्या गाडीत बसू नका. छातीत कळ नाही, धाप नाही, तातडी नाही, तर कागद घेऊन अहेरीच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. खऱ्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

आता दुसरी बाजूही ऐका, कारण ती मी जवळून पाहिली आहे. प्रत्येक नाकारलेला दावा म्हणजे लबाडी नव्हे. कधी कारकुनाकडून तारीख चुकते, कधी तपासणीचा कागद जोडायचा राहतो. रात्री दोन वाजता साप चावलेल्या पोराला वाचवणारा डॉक्टर फोटो काढायला विसरू शकतो. म्हणून नोटीस आणि सुनावणीच्या पायऱ्या हव्यातच. शिवाय आपला मुलूख वेगळा. पुण्यात एक रुग्णालय योजनेतून गेलं, तर पुढच्या चौकात दुसरं असतं. इथं एखादी सोय गेली, तर पुढची शंभर किलोमीटरवर. आठवड्याला दोन-तीनदा डायलिसिस लागणाऱ्या माणसानं जायचं कुठं? म्हणून माझं ठाम मत आहे, की शिक्षा लबाडी करणाऱ्याला व्हावी, रुग्णाला होऊ नये. भरती असलेल्यांचे उपचार पुरे झाले पाहिजेत, आणि एखादी सोय बंद करताना तिथले रुग्ण उद्यापासून कुठे जातील, हे त्याच आदेशात लिहिलेलं असलं पाहिजे.

आणखी एक गोष्ट. योजनेतून काढलेलं रुग्णालय बंद होत नाही. रुग्णालयाची नोंदणी वेगळ्या कायद्यानं होते, डॉक्टरांची महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे होते. त्यामुळे पाटी तशीच राहते, दार उघडं राहतं, फक्त बिल तुमच्या माथी येतं. अमेरिकेत सरकारी आरोग्य योजनांतून बाद केलेल्या डॉक्टरांची आणि संस्थांची यादी केंद्र सरकार प्रसिद्ध करतं, कुणीही नाव टाकून पाहू शकतं. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला किमान पाच वर्षं बाहेर राहावं लागतं, आणि त्यानं दुसऱ्याच्या दवाखान्यात नोकरी धरली, तरी त्याच्या कामाचे पैसे सरकार देत नाही. आपल्याकडेही बाद झालेल्या रुग्णालयांची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावी, असं मला मनापासून वाटतं. ते होईपर्यंत, निघण्याआधी विचारा.

हेच आता कामाचं सांगतो. महात्मा फुले योजनेचे दोन नंबर लिहून घ्या: १५५३८८. पुन्हा सांगतो, एक पाच पाच तीन आठ आठ. दुसरा १८०० २३३ २२००. आयुष्मान भारतसाठी १४५५५. तिन्ही मोफत आहेत. एस.टी.त बसण्याआधी फोन करून विचारा, "अमुक रुग्णालय योजनेत आहे का, आणि या आजारासाठी आहे का?" दोन्ही प्रश्न विचारा. कारण रुग्णालय योजनेत असूनही तुमचा आजार तिथे योजनेत बसत नसेल. वांगेपल्लीजवळ प्राणहिता ओलांडून तेलंगणात उपचाराला जाणाऱ्यांनी तर पैसे भरण्याआधी हे नक्की विचारावं. जीव धोक्यात असेल, तर मात्र फोनसाठी थांबू नका. आधी जवळचा दवाखाना, १०८ ची गाडी, मग बाकीचं.

पोहोचल्यावर आरोग्यमित्राला भेटा. अंगीकृत रुग्णालयात योजनेच्या टेबलाशी तो असतो. शिधापत्रिका आणि आधार त्याला दाखवा. मोबाईल नंबर तुमचा स्वतःचा द्या, नसेल तर मुलाचा, आशाताईंचा. हे क्षुल्लक वाटेल. पण ऑगस्ट २०२३ मध्ये देशाच्या महालेखापरीक्षकांचा अहवाल संसदेत आला, त्यात आयुष्मान भारतच्या जवळजवळ साडेसात लाख लाभार्थ्यांच्या नावापुढे एकच नंबर निघाला, दहाच्या दहा आकडे नऊ. तुमच्या नावानं काय दावा लागला हे तुम्हाला कळवायचं असेल, तर कळवणार कुठे?

पैसे मागितले, तर भांडू नका. एवढंच म्हणा, "पावती द्या." छापील, शिक्क्याची, कशाचे पैसे ते लिहिलेली. पुष्कळदा या दोन शब्दांवरच मागणी विरते. आणि पावती दिली, तर तोच तुमचा पुरावा.

सुट्टी होताना कागद पुढे येतात. उपचारानं समाधान झालं, भाडं मिळालं, असं त्यांत लिहिलेलं असतं. त्याच कागदांवर रुग्णालयाचा दावा उभा राहतो. कोऱ्या कागदावर सही नको. मराठी वाचता येत नसेल, घरी माडिया किंवा तेलुगू बोलत असाल, तर आपल्या भाषेत समजावून घ्या. भाडं हातात पडलं, तरच भाड्याच्या कागदावर अंगठा. आणि सुट्टीच्या कार्डाची प्रत घेतल्याशिवाय खाट सोडू नका.

तक्रार करायची असेल, तर आरोग्यमित्राकडे, नाहीतर मघाशी सांगितलेल्या नंबरवर, नाहीतर गडचिरोलीला योजनेच्या जिल्हा समन्वयकाकडे किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. कागद एक पान पुरे. रुग्णाचं नाव, तारीख, रुग्णालय, किती पैसे, कुणी मागितले. "उद्या त्याच डॉक्टरकडे जावं लागेल" ही भीती मला माहीत आहे, आणि ती खोटी नाही. म्हणून एकट्यानं जाऊ नका. सरपंच, आशाताई, गावातला शिकलेला पोरगा, कुणीतरी सोबत घ्या.

त्या दिवशी चौकात आम्ही तसंच केलं. मागच्या चहाच्या टपरीवरून कागद आणला, बाकड्यावर ठेवून मी तक्रार लिहिली. बाबांची एस.टी. आली आणि गेली, ते उठले नाहीत. लिहून झाल्यावर मी कागद पुढे केला आणि शाईसाठी पेन उघडू लागलो. बाबांनी माझा हात थांबवला. म्हणाले, "आधी वाचून दाखवा." मी वाचलं. ते म्हणाले, "आता हिला समजल असं वाचा." मी पुन्हा, सावकाश वाचलं. आजीनं मान हलवली.

मग बाबांनी अंगठा उठवला.